लव्हेंडरचं पाणी आणि हेडक्लार्कांचा स्वभाव

हेडक्लार्कांच्या गोपनीय अहवालात साहेबांनी यंदा फक्त चार शब्द लिहिले होते. 'कामात चोख, स्वभाव तापट.' अहवाल गोपनीय असल्यामुळे तो आधी शिपायानं वाचला, मग टायपिस्टनं, मग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं, आणि सगळ्यांचं वाचून झाल्यावर तो हेडक्लार्कांपर्यंत आला.

पहिल्या दोन शब्दांबद्दल त्यांची तक्रार नव्हती. उरलेल्या दोन शब्दांचा जाब विचारायला ते साहेबांच्या खोलीत जाऊन समोरच्या खुर्चीत बसले.

"मी तापट आहे असं कोण म्हणतं?"

प्रश्न साधा होता. पण तो ज्या आवाजात विचारला गेला, त्यानं झरोक्यातली दोन कबुतरं उडाली, टाचण्यांची डबी लवंडली, आणि बाहेर रांगेत उभा असलेला एक इसम, ज्याचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता, "मी नाही म्हणालो," असं म्हणाला.

कार्यालय नळजोडणीचं होतं. नवा नळ हवा असेल, जुना नळ रुंद करायचा असेल किंवा मेलेल्या वडिलांच्या नावाचा नळ जिवंत मुलाच्या नावावर करायचा असेल, तर लोक तिथे येत आणि हेडक्लार्कांकडून ओरडून घेऊन जात. त्यांना कार्यालयात मागून 'भोंगा' म्हणत. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी पहिला भोंगा होई आणि समोरचा घड्याळजी त्यावर दुकानातली घड्याळं लावी.

साहेब खाली वाकून टाचण्या गोळा करत म्हणाले, "हे बघा, अधीक्षकाची जागा तीन महिन्यांनी रिकामी होतेय. ज्येष्ठता तुमचीच आहे. पण वरून नवा नियम आलाय. तापट शेरा असला की समिती येते."

"कसली समिती?"

"स्वभाव पडताळणी समिती. तीन सदस्य. कधी येणार ते कळवत नाहीत. साध्या वेशात येतात, बघतात आणि जातात."

"काय बघतात?"

"तुम्हाला," साहेब टेबलाखालून म्हणाले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हेडक्लार्कांना अधीक्षकपद पगारासाठी नको होतं. त्यांना दार हवं होतं. अकरा वर्षं ते हॉलच्या मधोमध बसले होते. समोर जनतेची खिडकी, मागे नळांचे नमुने ठेवलेलं कपाट, आणि डावीकडे दुय्यम कारकून, ज्याला सगळे नुसतं 'दुय्यम' म्हणत. अधीक्षकाला मात्र स्वतंत्र खोली होती आणि खोलीला दार होतं. हेडक्लार्कांचे साडू दुसऱ्या एका खात्यात अधीक्षक झाले त्याला दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक समारंभात ते एकदा तरी म्हणत, "दार लावून घेतलं ना, की डोकं कसं शांत राहतं." हे म्हणताना ते हेडक्लार्कांकडे बघत नसत. न बघण्यासाठी त्यांना मान बरीच वळवावी लागे.

तेव्हा तीन महिन्यांत शांत व्हायचं, असं हेडक्लार्कांनी घरी जाहीर केलं. जाहीर करताना भिंतीवरचं कॅलेंडर पडलं.

त्यांची मुलगी कॉलेजात होती. तिनं मोबाइलमध्ये बघून सांगितलं, "बाबा, लव्हेंडर. निद्रानाश, डोकेदुखी, चिंता, चिडचिड."

"चिडचिड लिहिलंय का त्यात?" स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं.

"लिहिलंय."

"मग मोठी बाटली आण."

पण सुगंधी तेलांच्या दुकानदाराकडे मोठी बाटली नव्हतीच. त्यानं करंगळीएवढी बाटली काउंटरवर ठेवली आणि समजावून सांगितलं की तेल वेगळं आणि पाणी वेगळं. फुलं वाफवली की वाफेतून दोन्ही येतात. वर तरंगतं ते तेल, खाली राहतं ते लव्हेंडरचं पाणी. पाणी गरीब असतं. तोंडावर मारा, चादरीवर शिंपडा, कुणाला काही करत नाही. तेल मात्र जालीम. ते नुसतं अंगाला लावायचं नाही, साध्या तेलात मिसळायचं. झोपेसाठी हवं असेल तर उशीच्या कोपऱ्याला दोन थेंब, बस.

"दोन थेंब कुणाला?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"कुणालाही."

इथेच दुकानदारावरचा त्यांचा विश्वास उडाला. सगळ्यांना सारखा लागू होतो तो काय नियम? त्यांच्या कार्यालयात एकमजली घराला अर्धा इंची नळ मिळे आणि चारमजली घराला एक इंची. घरी आल्यावर त्यांनी कागद घेतला आणि त्रैराशिक मांडलं. ज्याच्या रागाची कुठेही लेखी नोंद नाही अशा सामान्य माणसाला दोन थेंब. मग ज्याच्या रागाची शासकीय नोंद झाली आहे आणि ज्याची सेवा अकरा वर्षं झाली आहे, त्याला किती? उत्तर अकरा आलं.

"अहो, तो माणूस दोन म्हणाला ना?" बायको म्हणाली.

"तो दुकानदार आहे. त्याला सेवाज्येष्ठता काय कळते."

अकरा थेंब त्यांनी उशीच्या कोपऱ्याला न टाकता मधोमध टाकले, कारण कोपऱ्यात टाकून वाया घालवणं त्यांच्या हिशेबी स्वभावात बसत नव्हतं, आणि त्यावर गाल ठेवून ते झोपले.

सकाळी त्यांना जाग आली तेव्हा पावणेअकरा वाजले होते. डोकं शिशाचं झालं होतं, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि उशीच्या अभ्र्यावर भरतकामानं काढलेलं फूल उजव्या गालावर पाकळ्यांसकट उमटलं होतं. लाल रंगात. कार्यालयाचा शिक्कासुद्धा इतका स्वच्छ उमटत नसे.

अकरा वर्षांत पहिल्यांदा ते उशिरा पोचले. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे लाल शाईची खूण होती. ती दुय्यमनं केली होती.

"नियम आहे, सर," दुय्यम म्हणाला. दुय्यमचा आवाज असा होता की ऐकायला पुढे वाकावं लागे आणि वाकल्यावर वाटे, ऐकलं नसतं तरी फार काही बिघडलं नसतं.

हेडक्लार्कांनी तोंड उघडलं. शिपायानं सवयीनं कबुतरांकडे पाहिलं. पण तेवढ्यात खिडकीबाहेर एक अनोळखी गृहस्थ पांढरा शर्ट घालून उभे असलेले हेडक्लार्कांना दिसले. हा सदस्य असू शकतो. ते तोंड मिटून खाली बसले.

त्या दिवसापासून खिडकीशी येणारा प्रत्येक माणूस त्यांना समितीचा वाटू लागला. एका म्हातारबांना ते "बसा ना," म्हणाले. म्हातारबा इतके घाबरले की अर्ज न देताच घरी गेले. दुपारी त्यांचा मुलगा आला आणि वडिलांच्या हातून काही मोठी चूक झाली आहे का, असं विचारू लागला.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त कंपाउंडर राहत. त्यांनी चाळीस वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली काढली होती आणि निवृत्त झाल्यापासून डॉक्टरांच्या वरच्या पदावर काम करत होते. त्यांनी चष्मा लावून गालावरचं फूल तपासलं.

"हे म्हणजे खोकल्याची बाटली तोंडाला लावून संपवण्यासारखं झालं. तेल तुमच्यासाठी नाहीच. तुम्हाला पाणी पाहिजे."

"ते कुठे मिळतं, काका?"

"विकत कशाला घ्यायचं? तुम्ही पाणीखात्यात आहात."

हा युक्तिवाद हेडक्लार्कांना बिनतोड वाटला. पुढच्या रविवारी स्वयंपाकघरात वाळलेल्या लव्हेंडरची पिशवी, पाच लिटरचा कुकर आणि कंपाउंडरकाका अशी सामग्री जमली. कुकरची शिटी काढून तिथे नळी बसवायची होती. नळी काकांनी आपल्या जुन्या स्टेथोस्कोपची दिली. देताना त्यांना भरून आलं होतं. नळी बर्फाच्या पातेल्यातून फिरवून बाटलीत सोडली आणि गॅस पेटवला.

पहिल्या बाटलीला तीन वास होते. लव्हेंडर, रबर आणि आदल्या दिवशी उकडलेले बटाटे.

"तिसरा वास औषधी असतो," काका म्हणाले.

तिसऱ्या रविवारपर्यंत बटाटे गेले, रबर राहिलं, पण त्याची सवय झाली. हेडक्लार्क रोज सकाळी तोंडावर, शर्टावर आणि फायलींवर पाणी मारून कामाला बसू लागले. राग त्या पाण्यानं कमी झाला की पकडले जाऊ या भीतीनं, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. पण भोंगा बंद झाला, हे खरं. घड्याळजीची घड्याळं सात मिनिटं मागे पडली. झरोक्यातल्या कबुतरांनी घरटं बांधायला घेतलं.

वास जिन्यातून उतरला आणि इमारतीत पसरला. समोरच्या वहिनींना लोकरीच्या कपड्यांना लागणाऱ्या कसरीसाठी बाटली हवी होती. तिला वासच सोसत नाही म्हणे, कसरीला, वहिनींना नाही. तळमजल्यावरच्या शिक्षिकेला वह्या तपासून डोकं दुखे. दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या बाळाच्या आजीनं बाळाच्या दुपट्यावर शिंपडायला मागितलं आणि जाताना "उरलं तर बाळाच्या बापावर मारते," असं सांगून गेली.

दुसरा कुणी असता तर त्यानं बाटल्या देऊन टाकल्या असत्या. पण कामात चोख माणसाचं दुःख त्यालाच ठाऊक. हेडक्लार्कांनी दारामागे एक नोंदवही टांगली. नाव, मजला, मागणीचं प्रमाण, प्रयोजन, आवक क्रमांक. अर्जाशिवाय बाटली नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी आले आणि म्हणाले, "एक बाटली द्या."

"अर्ज करा."

सेक्रेटरींनी तिथेच उभ्या उभ्या अर्ज लिहिला. हेडक्लार्कांनी तो वाचला आणि अत्यंत शांतपणे परत केला. "प्रयोजन लिहिलेलं नाही."

"अहो, वास घ्यायला."

"घरगुती की सार्वजनिक?"

सेक्रेटरी अर्ज खिशात घालून खाली गेले. संध्याकाळी फलकावर सूचना लागली. 'इमारतीत अनधिकृत सुगंध येत आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी.' आणि आठवड्याभरात उत्पादन शुल्क खात्याचा निरीक्षक दाराशी उभा राहिला. घरात भट्टी लावून गाळप चालू असल्याची तक्रार होती, खाली सही सेक्रेटरींची.

निरीक्षक सभ्य होता. त्यानं कुकर बघितला, नळी बघितली, नळीच्या टोकाला राहिलेली स्टेथोस्कोपची चकती कानाला लावून बघितली, आणि छापील तक्ता काढला. त्यात 'गाळलेला द्रव' यापुढे दोनच चौकोन होते. देशी आणि विदेशी.

"हे लव्हेंडरचं पाणी आहे," हेडक्लार्क म्हणाले. "तिसरा चौकोन पाहिजे."

"तिसरा नसतो. चढतं का?"

"नाही. उतरतं."

"काय उतरतं?"

"राग."

निरीक्षकानं लिहून घेतलं. 'गाळणाऱ्याच्या म्हणण्यानुसार उतरते.' मग त्यानं उरलेल्या तिन्ही बाटल्या नमुना म्हणून सील केल्या आणि कुकर उचलला.

"कुकर कशाला?" बायको पुढे झाली.

"मुद्देमाल आहे, ताई."

"त्यात सकाळचे बटाटे आहेत."

"तेही," असं म्हणून त्यानं मुद्देमालाच्या यादीत बटाटे चढवले. जाताना त्यानं मार्गही सांगितला. घरगुती नळाचं पाणी उद्योगासाठी वापरल्याबद्दल नळजोडणी कार्यालयाचं ना-हरकत पत्र चार दिवसांत आणून दिलं, तर प्रकरण मिटेल. नाहीतर नोटीस निघेल, आणि ती नोकरीच्या ठिकाणी जाईल.

दार लावून हेडक्लार्क खुर्चीत बसले. नोटीस कार्यालयात गेली म्हणजे अधीक्षकपद गेलं, दार गेलं, आणि साडूंची मान कायमची वळलेली राहणार.

"त्यात एवढं काय?" बायको म्हणाली. "तुमचंच ऑफिस. तुम्हीच लिहा, तुम्हीच सही करा."

"तसं करता येत नाही. कर्मचाऱ्याचा स्वतःचा अर्ज असेल तर त्यानं अर्ध्या दिवसाची रजा काढायची, खुर्ची सोडायची आणि बाहेरून खिडकीवर यायचं. निर्णय हाताखालचा घेणार."

"हा कुठल्या शहाण्यानं केला नियम?"

हेडक्लार्क उठून भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करू लागले. मसुदा त्यांचाच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते रांगेत उभे राहिले. पाण्याचा थेंब शिल्लक नव्हता. शर्टाला कालचा पुसट वास होता, तेवढाच. पुढे तिघं होते. एक उंच, बारीक गृहस्थ, कापडी पिशवी धरलेल्या चष्म्याच्या बाई, आणि एक शेंगा खाणारा जाडा माणूस. तिघांनी आपला नंबर येताच "तुम्ही व्हा पुढे," म्हणून हेडक्लार्कांना जागा दिली. लोक किती चांगले असतात, असं त्यांच्या मनात आलं. बसल्या जागेवरून हे कधी दिसलं नव्हतं.

खिडकी फार खाली होती. कमरेत वाकल्याशिवाय आत तोंड जात नव्हतं. तेव्हा त्यांना आठवलं की खिडकी बसवताना माप त्यांनीच दिलं होतं, आणि ते आतून, बसून घेतलं होतं.

आत त्यांच्या खुर्चीवर दुय्यम बसला होता. पुढ्यात 'प्रमुख लिपिक' अशी लाकडी पाटी होती.

"नमस्कार," हेडक्लार्क म्हणाले. "ना-हरकत पाहिजे होतं."

दुय्यमनं वर पाहिलं नाही. खुर्ची पुढे घेतली, कोपर टेबलावर ठेवलं, आणि मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून शिपायाच्या हातातला पेला पडला.

"कागद कुठे आहेत?"

घरट्यातलं एक कबुतर उडालं.

"हे घ्या ना," हेडक्लार्क म्हणाले.

"नकाशा कुणी जोडायचा? मी?"

"जोडलाय. तिसरं पान."

"तीन प्रती लागतात. हा एकच आहे. डोळे नाहीत का? बोर्ड लावलाय तिथे."

बोर्ड हेडक्लार्कांच्याच अक्षरातला होता. "चुकलं माझं," ते म्हणाले, आणि म्हणताना स्वतःच चकित झाले. आत कुठेही काही पेटलं नाही. वाकलेल्या पोटात राग मावतच नव्हता. ते कोपऱ्यावर गेले, प्रती काढून आणल्या, पुन्हा वाकले.

"साक्षांकित कोण करणार?"

ते साक्षांकित करून आले.

"प्रयोजन?"

"राग कमी करणे."

"घरगुती की सार्वजनिक?"

हेडक्लार्कांनी थोडा विचार केला. "पूर्वी सार्वजनिक होता," ते म्हणाले. "आता घरगुती."

"उद्या या," दुय्यम गरजला. दुसरंही कबुतर उडालं.

"बरं. उद्या येतो. दमला असाल तुम्ही, पाणी प्या."

उंच गृहस्थानं खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहिलं. बाईंनी चष्मा पुसला. जाड्या माणसानं हेडक्लार्कांना चार शेंगा दिल्या.

समितीचा अहवाल तिसऱ्या दिवशी आला. तो गोपनीय असल्यामुळे हेडक्लार्क कार्यालयात पोचले तेव्हा सगळे त्यांच्याकडे बघत होते. साहेबांनी त्यांना खोलीत बोलावलं आणि टाचण्यांची डबी आधीच ड्रॉवरमध्ये ठेवली.

'समितीने साध्या वेशात पाहणी केली. प्रमुख लिपिकाच्या खुर्चीवरील इसम कमालीचा तापट असून पक्षीसुद्धा त्यास भितात. बढतीस पूर्णतः अपात्र. मात्र त्याच वेळी खिडकीवर उपस्थित असलेल्या एका अर्जदाराची सहनशीलता पाहून समिती थक्क झाली. उलट अर्जदाराने सदर लिपिकास पाणी पिण्याची विनंती केली. अशा नागरिकास औद्योगिक वापरासाठी एक इंची नळजोडणी तात्काळ मंजूर करावी.'

"नळ मंजूर झालाय," साहेब हळूच म्हणाले. "सकाळीच सही केली मी. ना-हरकतही त्यातच आलं. कुकर सुटेल तुमचा."

"पण साहेब, तो अर्जदार मीच आहे."

"मला माहीत आहे. समितीला माहीत नाही."

"मग कळवा ना त्यांना."

"कळवतो की. दाखला जोडावा लागेल फक्त. 'अर्जदार आणि प्रमुख लिपिक ही एकच व्यक्ती आहे', असा. तो मिळाला की शेरा दुरुस्त, अधीक्षकपद तुमचं."

"दाखला कोण देतं?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. "आपल्याच कार्यालयाचा प्रमुख लिपिक. पण तुमची स्वतःची बाब म्हटल्यावर..."

बाहेर हॉलमध्ये सगळे वाट बघत होते. शिपायानं काचेचे पेले कपाटात ठेवले होते. घड्याळजी दुकान सोडून फाटकापर्यंत आला होता, हातात किल्ली घेऊन. कबुतरं घरट्यात परतली होती आणि आता तिथे दोन अंडी होती. हेडक्लार्क साहेबांच्या खोलीतून बाहेर आले, हॉलच्या मधोमध थांबले, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं. उभ्यानं आवाज येईना. त्यांनी आपल्या खुर्चीकडे पाहिलं. बसलं असतं तर आला असता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी टेबलावरून अर्ध्या दिवसाच्या रजेचा कागद उचलला, भरला आणि दुय्यमपुढे ठेवला. मग ते हॉलच्या बाहेर पडले, इमारतीला वळसा घातला आणि खिडकीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. नंबर सातवा होता.

पुढच्या माणसानं मागे वळून नाक ओढलं. "काका, वास छान येतोय. काय लावता?"

"लव्हेंडर लावायचो," हेडक्लार्क म्हणाले. "आता गरज पडत नाही. इथे उभं राहिलं की पुरतं."

आत दुय्यमनं खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. रस्त्यापलीकडे, दुकानात परतलेल्या घड्याळजीनं पहिलं घड्याळ हातात घेतलं.